जुन्या कॉम्प्युटरवरून घरातले प्लग चालू-बंद करायचेत, बजेट दीड हजार

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. ऐरोलीला राहतो, वन बीएचके, घरात आई, बायको, मी आणि एक फिश टँक. जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स टाकून तो चोवीस तास चालू ठेवलाय, फोटोंचा बॅकअप आणि पिक्चर साठवायला. आता डोक्यात आलंय की हा नाहीतरी जागाच असतो तर घरातले चार प्लग पण यानेच सांभाळावेत.

मुख्य दुखणं राऊटरचं. दर दोन-तीन दिवसांनी हँग होतो, दिवे सगळे हिरवेगार पण नेट नाही. बंद करून दहा सेकंदांनी चालू केला की सुतासारखा सरळ. आता मी असतो ऑफिसला नाहीतर ट्रेनमध्ये आणि राऊटर आहे टीव्हीच्या वर पार माळ्याला लागून, केबलवाल्याने तिथेच ठोकून दिला होता. आई स्टुलावर चढते, गुडघे दुखतात तरी चढते कारण तिची मालिका मोबाईलवर असते. मला ते स्टूल बंद करायचंय.

दुसरं म्हणजे टँकचा लाईट सकाळी दहाला चालू, रात्री आठला बंद. तिसरं गिझर, आई चालू करते आणि पूजेला बसते, मग तो तास-तास चालूच. चौथं प्रिंटर आणि स्पीकर, उगाच स्टँडबायवर असतात.

ऑनलाइन चार चॅनेलचा रिले बोर्ड, म्हणजे बारीक करंटने चालू-बंद होणारे चार स्विच, दोनशे-अडीचशेला दिसतोय. तो एका एक्स्टेन्शन बोर्डात बसवायचा आणि कॉम्प्युटरने चालवायचा असा विचार आहे. सोल्डरिंग येतं, कॉलेजात केलंय. बजेट दीड हजार, घरून मंजूर झालेलं, वर एक रुपया मिळणार नाही. काय म्हणता?

अर्धवट_इंजिनिअर:
भावा रिले-बिले सोड, सरळ वायफायचे स्मार्ट प्लग घे, सात-आठशेला दहा अँपिअरचा मिळतो, सोळाचा हजाराच्या आसपास. कॉम्प्युटरवरून चालवायला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आहे ना. ट्युया कंपनीच्या ॲपवर चालणारे प्लग असतील तर टायनीट्युया नावाची लायब्ररी (तयार कोड), टीपी-लिंकचे कासा असतील तर पायथन-कासा, दोन्ही घरच्या घरात नेटवर्कवरून बोलतात, कमांड द्यायला इंटरनेट लागत नाही. ट्युयाचं एवढंच की त्यांच्या डेव्हलपर साइटवर अकाउंट काढून प्रत्येक प्लगची 'लोकल की' (प्लगचा पासवर्डच म्हण) एकदा घ्यावी लागते, आणि तो प्लग ॲपमधून उडवून परत जोडलास की की बदलते, मग स्क्रिप्ट बंद आणि तू डोकं धरून बसलेला. मी एक अख्खा रविवार घालवलाय त्यात.

हे प्लग बहुतेक सगळे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राऊटरमध्ये २.४ आणि ५ एकाच नावाने असतील तर जोडताना थोडा वेळ ५ बंद कर. आणि राऊटरमध्ये जाऊन प्लगचा आयपी फिक्स करून ठेव, नाहीतर आज एक उद्या दुसरा. मी घोडबंदरला आहे, माझ्याकडे तीन प्लग दीड वर्ष चालू आहेत, काही झालेलं नाही.

निवांत_नाना:
पाच पावलं चालून बटण दाबायला काय होतं म्हणतो मी. आमच्या वेळी चाळीत बटण एका खोलीत आणि बल्ब दुसऱ्या खोलीत असायचा, तरी जगलो.

खाडीकाठचा:
नाना, पाच पावलं चालायला आई तयार आहे, स्टुलावर चढू द्यायला मी तयार नाही तिला.

वायरमन_काका:
तीस वर्षं कळवा, ठाणे, मुंब्रा या भागात वायरिंग करतोय म्हणून बोलतो, रागावू नका. एक्स्टेन्शन बोर्डात रिले कोंबू नका. त्या निळ्या रिलेवर १० अँपिअर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं ते खरं धरलं तरी ते साध्या लोडचं. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या आणि ते चिमुकले स्क्रू बघा, सोळाची वायर त्यात जात पण नाही. मग लोक दोन तारा कापून बारीक करतात. तिथेच गरम होतं, आधी प्लास्टिकचा वास, मग काळं, मग काय ते.

दुसरं मोटारीचं. आमच्या एका गिऱ्हाइकाने टाकीच्या पंपाला असाच रिले लावला होता, मुलाने करून दिला म्हणून कौतुकाने दाखवला. आठवड्याने फोन, मोबाईलवर 'बंद' दाखवतंय आणि पाणी गच्चीवरून वाहतंय. जाऊन बघतो तर रिलेवरचा दिवा विझलेला, पण आतले काँटॅक्ट एकमेकांना चिकटून बसलेले. मोटार चालू होताना चालू करंटच्या कितीतरी पट खेचते, त्या ठिणगीत काँटॅक्ट वितळून जोडले जातात. मोटार, पंप, फ्रिज, एसी यांना असला रिले नाही. त्यांना काँटॅक्टर, म्हणजे मोठ्या लोडचा दणकट रिले, तो पण डीबीत (घराच्या मेन बोर्डात), एमसीबीसकट (जास्त करंट झाला की पडणारा स्विच).

गिझर २००० वॅटचा असेल तर २३० ने भागा, ८.७ अँपिअर. तीन किलोवॅटचा इन्स्टंट असेल तर १३ होतात. दहाच्या प्लगवर नाहीच नाही. सोळाचा स्मार्ट प्लग चालेल, पण आधी सांगा गिझरचा सॉकेट कुठे आहे? आपल्याकडे बिल्डर बटण बाहेर देतो आणि सॉकेट बाथरूमच्या आत, गिझरच्या शेजारी. तिथे वाफ. आतमध्ये असेल तर स्मार्ट प्लग लावायचा नाही, विषय संपला.

अजून एक, घरात प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावून बघा. समोर उभं राहिल्यावर वर मोठी पिन अर्थिंगची, उजवीकडे फेज पाहिजे. पुष्कळ बिल्डिंगमध्ये उलटं सापडतं. उलटं असलं की प्लग एकच तार तोडत असेल तर तो न्यूट्रल तोडतो, वस्तू बंद दिसते पण आत करंट बसलेला असतो. टँकमध्ये हात घालणारा माणूस असाच जातो. आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का घरात, ३० मिलीअँपिअरचा? नसेल तर दीड हजार आधी तिथे घाला, मासे नंतर.

खाडीकाठचा:
काका धन्यवाद, आत्ता उठून बघून आलो. आरसीसीबी आहे, टेस्टचं बटण दाबलं तर पडला पण, आई ओरडली. गिझरचा सॉकेट बाथरूमच्या आतच आहे. म्हणजे गिझर बाद.

मग राऊटर आणि टँकला एकेक वायफाय प्लग घेतो आणि स्क्रिप्ट लिहितो. नेट गेलं की कॉम्प्युटर राऊटरचा प्लग बंद करेल, दहा सेकंद थांबेल, चालू करेल. बरोबर?

बाल्कनीतली_शेती:
अहो थांबा थांबा! वायफाय प्लग आहे ना तो? राऊटर बंद केलात की वायफाय गेलं, मग 'चालू हो' हा निरोप प्लगला पोचणार कुठून? 😄 हसतेय कारण हे मी केलंय. नेरूळला घर, दिवाळीत सासरी साताऱ्याला गेलेलो, तिथून बाल्कनीतल्या ठिबकचा छोटा पंप चालवायचे. एक दिवस पंप ऐकेना म्हणून शहाणपणा करून राऊटरचा प्लग बंद केला, चालू करायला गेले आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे घरात अंधार झाल्यावर. चार दिवस काही नाही. पुदिना गेला, तुळस वाचली.

यावर उपाय आहे. टास्मोटा नावाचं फर्मवेअर (प्लगच्या आतला प्रोग्राम) असलेला प्लग घ्यायचा, म्हणजे 'बंद हो, दहा सेकंद थांब, चालू हो' ही अख्खी माळ एकाच निरोपात प्लगला देता येते आणि पुढचं तो स्वतःच करतो, वायफाय असो नसो. त्यात पल्सटाइम म्हणून अजून एक सोय आहे, किती वेळाने आपोआप बंद व्हायचं ते प्लगलाच सांगून ठेवायचं. आकड्याची गंमत बघा, ११२ च्या पुढे आकडा वजा शंभर म्हणजे सेकंद, तर पाच मिनिटं हवी असतील तर ३०० नाही, ४०० द्यायचे. मी ३०० दिले होते आणि झाडं तहानलेली राहिली. लाईट जाऊन आल्यावर प्लगने चालू राहायचं की बंद हे पण सेट करता येतं, ते पंपाला 'बंद'च ठेवा. फक्त हल्लीच्या बऱ्याच प्लगमध्ये टास्मोटाला लागणारी ईएसपीची चिप नसते, त्यात टास्मोटा जात नाही, घेताना आधीच टाकलेलं असेल तोच घ्या.

बाकी टँकचा फिल्टर आणि हवेचा पंप या खेळात आणू नका हं. पाणी बराच वेळ थांबलं की फिल्टरमधले जिवाणू मरायला लागतात. लाईटशी काय ते खेळा. आणि प्रिंटर इंकजेट असेल तर भिंतीवरून बंद करू नका, त्याचं हेड झाकणाखाली जाऊन बसायला वेळ लागतो, मध्येच वीज तोडली की शाई सुकते. त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा.

अजून एक, कोणीतरी सल्ला देईल की स्मार्ट वस्तू गेस्ट वायफायवर ठेवा. ठेवा, पण बऱ्याच राऊटरवर गेस्टवरचं यंत्र घरातल्या कॉम्प्युटरला दिसतच नाही, मग स्क्रिप्ट चालत नाही म्हणून रडू नका.

खाडीकाठचा:
ताई वाचवलंत. मी हे शंभर टक्के केलं असतं आणि ट्रेनमध्ये बसून केलं असतं.

जुनाखोड:
उशिरा आलो. नौपाड्याला असतो, रिटायर्ड. हा उद्योग मी २००२ साली केलाय, प्रिंटरच्या जाड पोर्टवरून, ज्याला एलपीटी म्हणायचे. त्याच्या २ ते ९ नंबरच्या आठ पिना म्हणजे आठ बिट, पत्ता ३७८ हेक्स, क्यूबेसिकमध्ये एक ओळ लिहिली की हवी ती पिन वर. मध्ये यूएलएन२८०३ ही रिले ओढू शकणारी एक चिप, त्यापुढे १२ व्होल्टचे आठ रिले, आणि त्यावर आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मखराची लाइटिंग. कॉम्प्युटर चालू होताना तो पोर्ट स्वतःहून चाचपून बघायचा हे मला माहीत नव्हतं. ऐन आरतीत विंडोज ९८ पडलं, मशीन रिस्टार्ट झालं आणि मखराचे आठही दिवे थयथयाट करायला लागले. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, टाळ्या वाजवल्या. मी घामाघूम, कारण त्याच बोर्डावर ४० फुटी माळ होती आणि तारा उघड्या.

त्यातून शिकलो ते सांगतो. कॉम्प्युटर कधीतरी पडणार, हँग होणार, रिस्टार्ट होणार. तेव्हा वस्तू कुठल्या अवस्थेत राहिली पाहिजे ते आधी ठरवा, मग वायर जोडा.

आता तुमचा राऊटर. त्याचा अडॅप्टर बघा काय लिहिलंय, बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअर असेल. टँकचा लाईट एलईडीची पट्टी असेल तर तो पण १२ व्होल्टच. मग २३० व्होल्टमध्ये हात घालायचाच कशाला? अडॅप्टर भिंतीत राहू द्या, त्याच्या पुढची १२ व्होल्टची तार तोडा-जोडा. तोच निळा रिले डीसी ३० व्होल्टपर्यंत १० अँपिअरचा असतो, राऊटरचा एक अँपिअर त्याच्या खिजगणतीत नाही. आणि चुकलात तर अडॅप्टर जळेल, माणूस नाही.

रिले यूएसबीचा घ्या, दोन चॅनेलचा, सीएच३४० चिपवाला. कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचला की सिरियल पोर्ट म्हणून दिसतो, ९६०० बॉडच्या वेगाने चार बाइट (हेक्स आकडे) पाठवायचे. पहिला चॅनेल चालू: ए० ०१ ०१ ए२. बंद: ए० ०१ ०० ए१. दुसऱ्यासाठी दुसरा बाइट ०२. शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या तिघांची बेरीज, एवढंच. ना वायफाय, ना ॲप, ना कुणाचा सर्व्हर.

सोल्डर पण नको. सीसीटीव्हीवाले वापरतात ते स्क्रूचे डीसी कनेक्टर घ्या, एक नर एक मादी, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे मिळतात. राऊटरच्या पिनेशी माप जुळवून घ्या आणि प्लस आत की बाहेर ते अडॅप्टरवरच्या चित्रात बघा. मायनस थेट. प्लस रिलेच्या 'कॉम'ला, आणि राऊटरची तार एनसीला. एनओला नाही.

खाडीकाठचा:
एनसी का? मी एनओ म्हणणार होतो, रिले चालू तर राऊटर चालू, डोक्याला सोपं.

जुनाखोड:
डोक्याला सोपं, आईला अवघड. एनसी म्हणजे रिलेत करंट नसताना जोडलेलं, एनओ म्हणजे करंट आला तरच जोडलेलं. राऊटर एनसीवर असला की कॉम्प्युटर बंद पडो, यूएसबी निघो, रिलेची कॉइल जळो, राऊटर चालूच राहतो. तुम्ही रिले 'चालू' केला की राऊटर दहा सेकंद बंद, बस. एनओवर असता तर कॉम्प्युटर पडला की घरातलं नेटही पडलं, आणि आई परत स्टुलावर. टँकचा लाईट मात्र एनओवर घ्या, तो चुकून बंद राहिला तर मासे काही तक्रार करत नाहीत.

वायरमन_काका:
हे बरोबर सांगितलंत. १२ व्होल्टवर काय ते प्रयोग करा. आमच्या पोटावर पाय नको 😀

अर्धवट_इंजिनिअर:
च्यायला हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीन प्लगपैकी दोन माझे १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरच लावलेत.

खाडीकाठचा:
*(अठरा दिवसांनी)*
मंडळी रिपोर्ट देतो. दोन चॅनेलचा यूएसबी रिले ३६० ला, डीसी कनेक्टरच्या दोन जोड्या ८०, शिवाय कॉम्प्युटरपासून माळ्यापर्यंत न्यायला सात मीटर दोन तारेची वायर १४०. एकूण ५८०. उरलेले नऊशे वीस बायकोने त्याच दिवशी मागून घेतले, एवढी वसुली बँकवाले पण करत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी रिले दिसेचना. खोचला की सिरियल पोर्ट एक सेकंद दिसायचा आणि गायब. बोर्ड बोगस म्हणून परत पाठवणार होतो. मग कळलं की लिनक्समध्ये अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज आधीपासून असतं, ते सीएच३४० दिसली की हे माझंच यंत्र म्हणून पोर्ट बळकावतं. काढून टाकलं, आणि स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी) घातलं, मग टिक! असा आवाज आला. त्या एका टिकने काय आनंद झाला सांगू, बायकोला बोलावून दहा वेळा वाजवून दाखवलं, ती म्हणाली एवढंच?

स्क्रिप्ट साधी आहे. दर मिनिटाला बाहेरच्या दोन पत्त्यांना पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक. पाच वेळा दोन्हीकडून उत्तर नाही आलं तर रिले दहा सेकंद चालू, मग पाच मिनिटं गप्प, राऊटर उठेपर्यंत. टँकचा लाईट क्रॉनमध्ये (लिनक्सचं टायमर). पहिले दहा दिवस झकास, राऊटर तीनदा हँग झाला आणि घरात कुणाला कळलं पण नाही, मला लॉगमध्ये दिसलं. स्टूल आता बाल्कनीत, त्यावर कुंडी.

अकराव्या रात्री बाहेर कुठेतरी खोदकामात फायबर तुटली. माझ्या स्क्रिप्टला काय माहीत राऊटरचा दोष नाही, ती बिचारी रात्रभर राऊटर झोपवतेय आणि उठवतेय, दर दहा मिनिटांनी टिक... दहा सेकंदांनी परत टिक. मी आणि बायको आत ढाराढूर. आई हॉलमध्ये झोपते. सकाळी उठलो तर आई टॉर्च आणि झाडू घेऊन टीव्हीच्या मागे. म्हणाली रात्रभर पाल चुकचुकतेय, तीन वाजल्यापासून शोधतेय, सापडेना, आणि दरवेळी चुकचुकली की माझ्या मनात काहीबाही येतं, तुझ्या मामाला फोन लावला मी पहाटे, बरा आहे ना म्हणून.

मामा बरा आहे. स्क्रिप्टमध्ये आता तीन वेळा करून नेट नाही आलं तर सहा तास गप्प बसायचं असं टाकलंय.

गिझरचं पण सांगतो. प्लग नाहीच लावला. कॉम्प्युटरचे स्पीकर असतातच, तर सकाळी साडेसात आणि पावणेआठला बायकोच्या आवाजात 'आई, गिझर बंद केलात का' असं रेकॉर्ड करून लावलंय. पहिले दोन दिवस आईने स्वयंपाकघराकडे बघून 'हो गं' म्हटलं. आता माहीत आहे तरी म्हणते.

बाल्कनीतली_शेती:
मामांना फोन 😂😂 काकूंना नमस्कार सांगा. कुंडीत काय लावलंय?

वायरमन_काका:
हसू नका, रिलेचा बोर्ड उघडा ठेवलाय का? बोर्डाला ऊब असते, पावसाळ्यात खरी पाल येऊन बसते त्यावर, चिकटते आणि शॉर्ट करते. बेलच्या बॉक्समध्ये, मीटरमध्ये, सगळीकडे काढल्यात मी. डब्यात घाला.

खाडीकाठचा:
उघडाच आहे, टेपने चिकटवलाय. बारा व्होल्टच आहे तर साधा प्लास्टिकचा डबा चालेल ना? श्रीखंडाचा अर्धा किलोचा आहे घरात.

वायरमन_काका:
चालेल. तारेपुरतं भोक पाडा, मोठं नको. आणि धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या.